वासना : एका शब्दाचा सुगंध

‘वासना’ हा शब्द कानीं पडतांच आज आपल्या मनांत बहुधा वाईट इच्छेचा अर्थ येतो. संस्कृतांत त्याचें घराणें याहून मोठें आहे. ‘वासयति’ या एकाच रूपाचे तेथें दोन अर्थ होतात : वसवितो, आणि सुगंधित करितो. म्हणून एका वस्तूचा वास दुसरींत मुरविणें ही वासना; आणि अनुभव सरल्यावर त्याचा जो संस्कार चित्तांत मागें राहतो, तीहि वासनाच.

हे दोन अर्थ एकत्र कसे नांदले, हें फुलेल करण्याची जुनी रीत पाहिली म्हणजे ध्यानांत येतें. अत्तर काढतांना फुलें पाण्यासह भट्टीवर चढवितात. फुलेलास विस्तव लागत नाहीं. स्वच्छ तिळांचा एक थर, त्यावर ताज्या मोगऱ्याचा किंवा चमेलीचा थर, पुन्हां तीळ, पुन्हां फुलें, असे थर देतात. फुलें कोमेजलीं कीं तीं काढून नवीं घालावयाचीं. असें कित्येक वेळां झाल्यावर ते तीळ घाण्यांत घालतात. तेल निघतें तिळाचें, वास येतो चमेलीचा. आणि चमेली तर केव्हांच उकिरड्यावर गेलेली असते! चौथ्या शतकांतील बौद्ध आचार्य असंग यांनीं चित्तावरील संस्कार समजावून देतांना नेमका हाच तिळाफुलांचा दृष्टान्त घेतला आहे.

पुढें साहित्यशास्त्रानें हा शब्द उचलला. चौदाव्या शतकांतील विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पण’ या ग्रंथांत म्हटलें आहे कीं, वासनेवांचून रसाचा आस्वाद नाहीं. वासनाहीन प्रेक्षक नाट्यगृहांतील लाकूड, भिंत आणि दगड यांच्याच पंक्तीला बसावयाचा. ही वासना कांहीं पूर्वजन्मींची असते व कांहीं या जन्मींची. या जन्मींची नको असती, तर रूक्ष वेदपाठक आणि म्हातारे मीमांसक यांनाहि काव्य रुचलें असतें, अशी कोपरखळी मारण्यास विश्वनाथ विसरत नाहीं.

विद्यार्थ्यांनीं याचा आपल्या अभ्यासाशीं मेळ घालून पाहावा. ‘केवडा म्हणजे एक सुवासिक वनस्पति’ एवढें लिहिलें कीं परीक्षेंत गुण पडतात. परंतु ज्यानें केवड्याचें कणीस कधीं हुंगलेंच नाहीं, त्याला कवितेंतील केवडा तीन अक्षरांपलीकडे काय देणार? ग्रंथकार शब्द देतो. गंध वाचकानें आपल्या पदरचा घालावयाचा असतो. शब्दकोश हातीं देण्यापूर्वीं आईबापांनीं मुलांस एकदां बकुळीच्या झाडाखालीं न्यावें, असें आम्हांस प्रामाणिकपणें वाटतें.

गंधानें स्मृति इतक्या झटकन कां जागी होते, याचें उत्तर शरीरशास्त्रांत कांहीं अंशीं सांपडतें. डोळ्यांचे व कानांचे संदेश मेंदूच्या मध्यभागींच्या एका ठाण्यांतून पुढें पाठविले जातात. गंधाचा संदेश त्या ठाण्याची वाट न पाहतां, भावना व स्मृति यांच्याशीं निगडित असलेल्या भागांकडे थेट जातो. नाकांत गंध ओळखणारे ग्राहक माणसाच्या ठायीं सुमारें ४०० प्रकारचे आहेत. या ग्राहकांचा शोध लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केला. त्याबद्दल त्यांस २००४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

पुस्तकालाहि स्वतःचा वास असतो, तो निराळा. लांकडाच्या लगद्यापासून केलेल्या कागदांत लिग्निन नांवाचें द्रव्य असतें. वर्षानुवर्षें हवा लागून तें झिजतें, कागद पिवळा पडतो, आणि त्यांतून व्हॅनिलिनसारखीं सुगंधी द्रव्यें सुटतात. जुन्या ग्रंथाचा तो मंद गोडसर वास म्हणजे एका अर्थीं कागदाचा क्षयच! त्या वासांत भर घालण्याची आपल्याकडील रीत बहुतेक घरांतून ठाऊक असेल : पानांत केवड्याची पात किंवा बकुळीचीं फुलें ठेवावयाचीं. बकुळ वाळून तपकिरी झाली तरी तिचा वास जात नाहीं. आजोबांच्या पोथींत सांपडलेलें फूल नातवंडांना अजून ओळखतां येतें.