मोबाईलवरील खेळांतील दृश्यवैभव आणि खेळणाऱ्याची अपेक्षा

मोबाईलवरील खेळ खेळणाऱ्याच्या हाती पडण्यापूर्वी त्याची चित्रे त्याच्यापर्यंत पोहोचलेली असतात. किल्ल्याच्या भिंतीवरून सरकणारे ऊन, पाण्यातील प्रतिबिंब, योद्ध्याच्या चिलखतावरील ओरखडे अशा गोष्टी पाहून तो खेळाविषयी मनाशी काही ठरवितो. पुढे प्रत्यक्ष खेळताना ‘दाखविले ते हे नव्हे’ असे उद्गार त्याच्या तोंडून निघतात. या उद्गारांचा अर्थ सामान्यतः फार सोपा केला जातो. लहान यंत्राकडून मोठ्या यंत्राची करामत अपेक्षिल्यास निराशा व्हायचीच, असे म्हणून तक्रारीची बोळवण होते. परंतु चित्र जितके सुंदर भासले होते तितके ते निघाले नाही, एवढेच तक्रार करणाऱ्याचे म्हणणे क्वचितच असते. खेळाचे चित्र दोन गोष्टी सांगत असते. ते जग दिसते कसे, ही एक. आणि त्या जगात शिरणाऱ्यास काय काय करता येईल, ही दुसरी. पहिली गोष्ट चित्र उघडपणे सांगते. दुसरी ते केवळ सूचित करते, आणि खेळणारा ती आपल्या पूर्वानुभवाने पुरी करून घेतो. दार दिसले की ते उघडता येईल, वाट दिसली की तिच्यावरून चालता येईल, असे तो गृहीत धरतो. अपेक्षाभंगाचे मूळ बहुधा या गृहीतकात सापडते.

‘इन्फिनिटी ब्लेड’ या खेळाचा इतिहास या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. १ सप्टेंबर २०१० रोजी ॲपल कंपनीच्या समारंभात एपिक गेम्स या अमेरिकन संस्थेने आपल्या आगामी खेळाचे दर्शन घडविले आणि त्याच दिवशी ‘एपिक सिटाडेल’ नावाचे एक प्रात्यक्षिक विनामूल्य उपलब्ध करून दिले. या प्रात्यक्षिकात शत्रू नव्हता, कथानक नव्हते, जय-पराजयही नव्हता. एक किल्ला होता आणि त्यात मनसोक्त हिंडण्याची मुभा होती. हातातल्या फोनवर असे काही दिसू शकते, ही त्या काळी नवलाईची बाब होती. त्याच वर्षी आलेल्या आयफोन ४ च्या पडद्यावर ९६० गुणिले ६४०, म्हणजे ६,१४,४०० चित्रबिंदू होते. आदल्या वर्षीच्या फोनवर ते १,५३,६०० होते. भरावयाचे बिंदू चौपट झाले होते, चित्रण करणारा भाग मात्र पूर्वीच्याच जातीचा होता.

डिसेंबर २०१० मध्ये प्रत्यक्ष खेळ आला, तेव्हा किल्ला तसाच होता, किंबहुना अधिकच रेखीव होता. हिंडण्याची मुभा मात्र गेली होती. चेअर एन्टरटेनमेंट या एपिकच्याच शाखेने रचलेल्या या खेळात कॅमेरा ठरलेल्या वाटेने जातो. खेळणारा एखाद्या ठिकाणी बोट टेकवितो आणि नायक तेथे चालत जातो. वाटेवरची नाणी व थैल्या तेवढ्या टिपता येतात. मग द्वंद्वयुद्ध. एका वेळी समोर एकच प्रतिस्पर्धी, आणि बोट ज्या दिशेने ओढावे त्या दिशेने तलवारीचा वार. अखेरच्या राजापुढे नायक पडतो, काही वर्षे लोटतात, आणि त्याचा वंशज त्याच किल्ल्याच्या दाराशी येऊन उभा राहतो.

या रचनेचे तांत्रिक मर्म लक्षात घेणे अवश्य आहे. सेकंदाला ३० चित्रे दाखवावयाची तर प्रत्येक चित्रासाठी ३३ सहस्रांश सेकंदांहून थोडा अधिक वेळ मिळतो. ६० दाखवावयाची तर १७ हूनही कमी. कोठूनही, कोणीकडेही पाहण्याची मोकळीक दिली, तर कोणते दृश्य समोर येईल हे रचनाकारास ठाऊक नसते आणि सर्वत्र काटकसर करावी लागते. कॅमेऱ्याची वाट बांधून टाकली की नेमके काय दिसणार हे आधीच ठरते. ऊनसावलीचा हिशोब खेळ चालू असताना न करता पूर्वीच करून भिंतींच्या चित्रांत मुरवून ठेवता येतो, आणि वाचलेली सारी शक्ती त्या एका प्रतिस्पर्ध्याच्या देहावर खर्च करता येते. दृश्याचे वैभव हालचालीचे स्वातंत्र्य देऊन विकत घेतलेले होते. तोच किल्ला पुनःपुन्हा वापरण्याची निकडही कथानकाने झाकली: वंश पिढ्यान्‌पिढ्या परत येतो, म्हणून वास्तूही तीच. या युक्तीस कल्पकता म्हणावे की चातुर्य, याविषयी मतभेद होऊ शकतील. ती साधली, यात शंका नाही.

‘सिटाडेल’मध्ये हिंडून आलेल्यास येथे रुळांवर बसविल्यासारखे वाटणे स्वाभाविक होते, आणि खेळ एकसुरी असल्याचा आक्षेप पुष्कळांनी घेतलाही. तरी खेळाचे मोठे स्वागत झाले, याचे कारण द्वंद्वयुद्धात सापडते. समोरच्या अजस्र योद्ध्याच्या चित्राने जी कृती सुचविली ती, म्हणजे वार अडविणे, चुकविणे आणि परतविणे, बोटाने खरोखरच करता येत होती. चित्राने दिलेल्या दोन वचनांपैकी एक मोडले गेले आणि दुसरे पाळले गेले.

यंत्राच्या मर्यादा यानंतर पुष्कळ मागे हटल्या, नाहीशा झाल्या नाहीत. फोनमध्ये सामान्यतः पंखा नसतो. निर्माण झालेली उष्णता पाठीच्या पत्र्यातून वा काचेतून बाहेर पडेल तेवढीच. यंत्र फार तापले की चिप आपला वेग स्वतःच उतरविते, आणि पहिल्या काही मिनिटांत लोण्यासारखे सरकणारे दृश्य पुढे अडखळू लागते. जाहिरात पहिल्या मिनिटांची असते, खेळणे नंतरच्या तासाचे. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ प्रो जाहीर करताना ॲपलने घरगुती खेळयंत्रांवरील मोठे खेळ जसेच्या तसे फोनवर येणार असल्याचे सांगितले, आणि ३० ऑक्टोबर रोजी ‘रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज’ आला देखील. तो तोच खेळ होता, हे मान्य केले पाहिजे. तथापि त्याचे दृश्य कमी बिंदूंत रेखाटून मग गणिताने मोठे केलेले होते. आणि वेगळे नियंत्रक जोडले नाही, तर ज्या अंगठ्यांनी खेळावयाचे तेच अंगठे दृश्याचा भाग झाकून टाकीत होते. ही दुसरी अडचण कोणत्याही चिपने सुटणारी नाही.

येथवर चर्चिलेली तफावत यंत्रामुळे किंवा रचनेमुळे उत्पन्न झालेली आहे. हेतुपुरस्सर निर्माण केलेली तफावत निराळी. ‘होमस्केप्स’ आणि ‘गार्डनस्केप्स’ या प्लेरिक्स कंपनीच्या खेळांच्या जाहिरातींत खिळे योग्य क्रमाने ओढून संकटातून सुटण्याचे कोडे दाखविले जाई. प्रत्यक्ष खेळ मुख्यतः एकसारखे तीन तुकडे जुळविण्याचा होता. ते कोडे फारच थोड्या टप्प्यांत येई. सप्टेंबर २०२० मध्ये ब्रिटनच्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स ऑथॉरिटीने अशा दोन जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरविल्या. सर्व चित्रे प्रत्यक्ष खेळातील नाहीत, अशी सूचना जाहिरातीत होती; ती पुरेशी मानली गेली नाही. या निर्णयात चित्राच्या सौंदर्याचा प्रश्नच नव्हता. दाखविलेली कृती खेळात आहे की नाही, एवढेच तपासले गेले, आणि ही कसोटी अभ्यासकांनीही उचलण्याजोगी आहे.

मात्र अपेक्षा नेहमी चित्रातूनच उपजते असे नाही. भारतात २ सप्टेंबर २०२० रोजी ‘पबजी मोबाईल’सह ११८ ॲप्सवर बंदी आली. दोनच दिवसांनी बंगळूरच्या एनकोअर गेम्सच्या ‘फौजी’ या खेळाची घोषणा अभिनेता अक्षय कुमार याने केली. हा ‘पबजी’चा देशी पर्याय, असा समज सर्वत्र पसरला. दसऱ्याला प्रसृत झालेल्या चित्रफितीत गलवान खोऱ्यातील हातघाईची लढाई स्पष्ट दिसत होती, आणि २६ जानेवारी २०२१ रोजी आलेला खेळ तसाच होता: एकट्याने खेळावयाचा, बंदुकीवाचून, मुठी आणि हाती लागेल त्या शस्त्राने लढावयाचा. जून २०२० च्या संघर्षात गोळीबार झाला नव्हता हे ध्यानात घेता बंदूक नसणे वस्तुस्थितीला धरूनच होते. तरी शंभर जणांच्या रणांगणाची वाट पाहणाऱ्यांनी खेळास इतके कमी गुण दिले की त्याचे गुणांकन थोड्याच दिवसांत घसरले. चित्रफीत पाहिली सर्वांनी, वाचली बातमी.

पुण्याच्या सुपरगेमिंग या संस्थेने २०२२ मध्ये जाहीर केलेला ‘इंडस’ ऑक्टोबर २०२४ मध्ये उपलब्ध झाला, तेव्हा त्यासाठी आगाऊ नोंदणी करणाऱ्यांची संख्या १ कोटीच्या वर गेली होती. यांतील बहुसंख्यांनी तोवर केवळ चित्रे आणि चित्रफितीच पाहिल्या होत्या.

चित्राने सुचविलेले सारे प्रत्यक्षात उतरले, तरी प्रश्न संपत नाही, हे ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ने दाखविले. २८ सप्टेंबर २०२० रोजी आलेल्या या चिनी खेळात दूर दिसणाऱ्या डोंगरावर खरोखर चढता येते. मर्यादा आली ती काळाची आणि पैशाची. महत्त्वाची बक्षिसे घेण्यास ‘रेझिन’ नावाचे साधन खर्चावे लागते. ते दर ८ मिनिटांस एक या गतीने भरते. आरंभी त्याची कमाल मर्यादा १२० होती, म्हणजे रिकामा साठा भरण्यास १६ तास. सर्वोच्च श्रेणीचे पात्र सोडतीत मिळण्याची मूळ शक्यता शेकडा ०.६, ९० प्रयत्नांत एक निश्चित. हे आकडे खेळातच दिलेले असतात, कारण चीनमध्ये मे २०१७ पासून असे आकडे प्रकट करणे बंधनकारक आहे. पण जाहिरातीच्या चित्रात डोंगर असतो, आकडा नसतो. आणि डोंगर चढून झाल्यावर खेळणाऱ्याची गाठ पडते ती आकड्याशी.

‘इन्फिनिटी ब्लेड’ मालिकेतील तिन्ही खेळ एपिकने डिसेंबर २०१८ मध्ये विक्रीतून काढून घेतले. ज्यांनी ते पूर्वी विकत घेतले नव्हते त्यांना आता त्यांच्या चित्रफितीच पाहावयास मिळतात. त्या पाहून खेळाविषयी मत बनविणाऱ्या विद्यार्थ्यास किल्ला दिसेल. त्यात हिंडता येत नव्हते, हे त्यास दुसऱ्या कोणाकडून तरी समजून घ्यावे लागेल.