नवीन यॉट पाहताना काय पाहायचं? कोचीच्या मरिनातून परत आल्यावर



चौकोनी आसाच्या जाळ्यांच्या प्रशिक्षणासाठी सोसायटीतले आम्ही सहाजण कोचीला सिफ्टमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या मत्स्य तंत्रज्ञान संस्थेत, जाऊन आलो. जाळ्यांबद्दल वेगळं लिहूच. आज लिहायचंय ते शेवटच्या दिवशीच्या दुपारबद्दल. त्या दिवशी आम्ही बोळगाट्टी बेटावरचा मरिना पाहायला गेलो आणि तिथे एका नव्या कोऱ्या मोटर यॉटवर दीड तास काढला.

मौजेखातर गेलो नव्हतो. आपल्या चार तरुण सभासदांचा अर्ज सोसायटीकडे आलाय हे बहुतेकांना माहीत आहे. मुंबईची ४० फुटी जुनी मोटर यॉट विकत घ्यायची, मांडवीत पर्यटकांना फिरवायचं, आणि बँकेच्या कर्जाला सोसायटीने जामीन राहायचं, असं त्यांचं म्हणणं. येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय येणार. जामीन म्हणजे तुमचे आमचे शेअरचे पैसे. त्या चौघांतला एकजण आमच्याबरोबर कोचीला होता. म्हटलं, निदान नवी यॉट कशी असते ती नीट पाहू, मग जुनीबद्दल बोलू.

मरिना म्हणजे काय

आपली जेटी जागची हलत नाही. उधाणाच्या भरती-ओहोटीत आपल्याकडे पाणी दोन मीटरच्या वर चढतं-उतरतं, म्हणून दोर सैल-घट्ट करायला माणूस लागतो. मरिनात तरंगते धक्के असतात. पाण्याबरोबर धक्काही वर-खाली होतो, त्यामुळे बोट आणि धक्का कायम एका पातळीत राहतात. कोचीला भरती-ओहोटीचा फरक मीटरभराच्या आतबाहेर, तरी तिथेही तरंगते धक्केच. प्रत्येक बोटीजवळ वीज आणि पाण्याची जोडणी. भाडं बोटीच्या लांबीवर.

इथे एक गोष्ट लक्षात आली ती सांगून टाकतो. मरिनाला निवाऱ्याचं, शांत पाणी लागतं आणि खोली कमी असली तर गाळ उपसावा लागतो. आपल्याकडे असं पाणी म्हणजे तिसऱ्या-खुब्यांची आणि छोट्या जाळ्यांची जागा. नावशी आणि सांकवाळच्या मरिनांना मच्छीमारांनी विरोध का केला, ते तिथे उभं राहिल्यावर जास्त कळतं. तो विषय मोठा आहे, आज यॉटचंच पाहू.

तांडेलमामांनी आधी काय पाहिलं

यॉट ५० फुटी. आम्ही सगळे आधी वर बघत बसलो. काळ्या काचा, पांढरे सोफे, वरच्या मजल्यावर दुसरं सुकाणू. आमच्यातले जुने तांडेल मात्र धक्क्यावर उकिडवे बसून पाण्याच्या रेषेकडे बघत होते. आपण सगळे त्यांना मामा म्हणतो. ते म्हणाले, “दिवाणखाना मागाहून बघा. पाण्यात बसते कशी ते आधी बघा.”

रंगाची रेषा आणि शेवाळाची रेषा यांत फरक दिसतो का, ते त्यांनी पाहिलं. शेवाळ मागच्या बाजूला रंगाच्या वर चढलेलं असेल तर मागे वजन जास्त झालंय. टाक्या भरल्यावर आणि वीस माणसं चढल्यावर ती अजून बसणार. या यॉटची रेषा बरोबर होती.

मग बाजूची उंची पाहिली. पाण्यावर जेवढी उंच, तेवढा वारा धरते. म्हणून अशा बोटीच्या नाळेत पाण्याखाली आडवा छोटा पंखा बसवतात, धक्क्याला लावताना नाळ बाजूला ढकलायला. आपला तांडेल वारा आणि पाण्याचा ओढ बघून बोट लावतो, इथे ते काम बटणावर. बटण बिघडलं की काय, हे विचारायला हवं. कप्तानाला विचारलं तर तो हसला आणि म्हणाला, “मग चार माणसं आणि चार फेंडर.” माणूस मलयाळी, पण हिंदी चांगलं बोलत होता आणि काही लपवत नव्हता.

वेग आणि डिझेल

आता सगळ्यात महत्त्वाचं. बोट चालते तेव्हा नाळेपाशी लाट उठते. वेग वाढतो तशी ही लाट लांब होत जाते. लाटेची लांबी बोटीएवढी झाली की बोट स्वतःच्याच लाटेत अडकते. वेग आणखी वाढवला की नाळ लाटेवर आणि मागची बाजू खड्ड्यात. त्याच्या पुढे जायचं तर स्वतःची लाट चढावी लागते.

हा वेग काढायचं सोपं गणित आहे. बोटीची पाण्यात बसणारी लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. त्या यॉटची पाण्यातली लांबी ४५ फूट. वर्गमूळ ६.७, म्हणजे वेग साधारण ९ नॉट. आपल्या ट्रॉलरचा वेगही त्याच आसपास असतो, आणि ट्रॉलर त्याच्या पुढे जायची धडपड करत नाही.

ही यॉट मात्र २५ नॉट पळते. तिचा तळ पुढे धारदार आणि मागे बराच सपाट आहे. जोर लावला की ती लाट चढून पाण्यावर घसरायला लागते. आपली फायबरची कानू औटबोर्ड मशीनवर हेच करते, पण ती हलकी असते. ही वीस टनांची. तिला ५०० घोड्यांची दोन इंजिनं लागतात.

डिझेल इंजिन पूर्ण जोरात चालवलं तर एका घोड्याला तासाला ०.२ लिटर, हा मोटा हिशोब. म्हणजे १००० घोड्यांना तासाला २०० लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर तासाला १८,००० रुपये. तीच यॉट ८ नॉटवर चालवली तर तासाला तीसेक लिटर जातात, असं कप्तानाने सांगितलं. म्हणजे २,७०० रुपये. वेग तिप्पट आणि डिझेल जवळजवळ सातपट.

आपल्या पोरांच्या यॉटवर ३५० घोड्यांची दोन इंजिनं आहेत. ७०० गुणिले ०.२ म्हणजे १४० लिटर. पूर्ण वेगात तासाला १२,६०० रुपये निव्वळ डिझेलला. शिवाय मच्छीमारीच्या डिझेलवर व्हॅटचा जो परतावा आपल्याला मिळतो तो मच्छीमारीसाठी आहे, सहलीच्या बोटीसाठी तो धरून चालू नका.

हा हिशोब आम्ही तिथेच, त्या पांढऱ्या सोफ्यावर बसून कागदावर मांडला. बरोबरचा आपला पोरगा कागद बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “पण आम्ही हळूच चालवणार.” मामा म्हणाले, “हळूच चालवायची तर ७०० घोडे कशाला पोसायचे?”

अजून एक. अशी बोट एकदम हळू चालते तेव्हा लाट कमी असते. पूर्ण पळते तेव्हाही त्या मानाने बरी. पण मधल्या वेगाला, १२ ते १५ नॉटला, नाळ वर आणि मागची बाजू खाली करून जाते तेव्हा सगळ्यात मोठी लाट मागे सोडते. नदीत जाळं टाकून बसलेल्या कानूला कोणती लाट उलटवायला बघते, ते आपल्याला माहीत आहे. उद्या ती बोट आपल्याच सभासदाची असली तरी लाट तीच असणार.

इंजिनाच्या खोलीत

नव्या बोटीत इंजिन चकचकीतच असणार. तिथे पाहायचं ते हे, की हात कुठपर्यंत पोचतो. समुद्राचं पाणी आत घेणारे झडपेचे कॉक हाताला येतात का? पाण्याची गाळणी उघडून कचरा काढता येतो का? पंपातलं रबरी चक्र बदलायला जागा आहे का? प्रत्येक पाइपला दोन दोन क्लिपा आहेत का? बोट बुडते ती बहुतेक वेळा असल्याच एका पाइपपायी. या यॉटवर दोन इंजिनांच्या मध्ये जागा बरी होती, पण बाहेरच्या बाजूला जायचं तर मेकॅनिकला पोटावर सरपटावं लागेल. जिथे हात पोचत नाही तिथे देखभाल होत नाही.

एसी आणि फ्रिजसाठी वेगळा जनरेटर आहे. धक्क्याला लावली की किनाऱ्याची वीज. ही वीज जोडलेली असली की शेजारच्या बोटींमुळे पाण्याखालचा धातू खायचा धोका वाढतो. म्हणून जस्ताचे तुकडे वेळच्या वेळी बदलावे लागतात. तळाला शिंपले धरू नयेत म्हणून तांब्याचा रंग, तोही साधारण वर्षाला नवा.

उभी असतानाचा खर्च

मासे नसले तर आपण कानू वाळूवर ओढतो, पावसात झाप घालून शाकारतो, आणि ती ऑगस्टपर्यंत एक पैसा मागत नाही. यॉट उभी असतानाही खाते. धक्क्याचं भाडं, विमा, पाणी उपसणाऱ्या पंपासाठी चार्ज ठेवायच्या बॅटऱ्या, बुरशी धरू नये म्हणून एसी, राखणीला माणूस. वर काढायची तर क्रेन पाहिजे, पंचवीस जणांनी खांदा देऊन होत नाही. वर्षाचा खर्च किमतीच्या दहा टक्के धरावा, असा यॉटवाल्यांतला जुना ठोकताळा आहे. पण लक्षात ठेवा, हा ठोकताळा नव्या किमतीवर धरायचा. जुनी स्वस्तात मिळाली म्हणून तिचे भाग स्वस्त होत नाहीत.

पावसात आग्वादच्या तोंडावरचा वाळूचा बांध किती वाईट असतो ते सांगायला नको. १ जून ते ३१ जुलै ६१ दिवस आपली बंदी, आणि त्याच दिवसांत पर्यटकही कमी. बँकेचा हप्ता मात्र बाराही महिने.

जुनी घ्यायची तर

१. बोट पाण्याबाहेर काढून पाहिल्याशिवाय एक रुपया देऊ नका. तळावर फोड आलेत का ते बघा. प्लास्टिकच्या हातोडीने टकटक करत जा, आवाज बद्द येतो तिथे आत थर सुटलेत.
२. इंजिन गार असताना तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर परत जा, दुसऱ्या दिवशी या.
३. समुद्रात नेऊन पूर्ण जोरात दहा-पंधरा मिनिटं चालवा. फेरे पूर्ण येतात का? काळा धूर म्हणजे इंजिनावर ओझं किंवा हवा कमी. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा थांबत नसेल तर कच्चं डिझेल किंवा पाणी.
४. कागद. आपल्या मच्छीमारी बोटीची नोंदणी फिशरीज खात्यात. पैसे घेऊन प्रवासी न्यायचे तर गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे जावं लागतं, बोटीची तपासणी होते, चालवणाऱ्याला त्या कामाचा दाखला लागतो. चाळीस वर्षं समुद्र केला, हे तिथे चालत नाही.
५. लाइफ जॅकेट माणसागणिक, आग विझवायची सोय, वायरलेसवर चॅनल १६. कोस्ट गार्डचा १५५४ नंबर पर्यटकाला दिसेल असा लिहा.

परतताना पाहिलेली दुसरी बोट

एर्नाकुलमला परत येताना आम्ही वॉटर मेट्रोच्या बोटीने फिरलो. २०२३ साली ही सेवा सुरू झाली. कोचीन शिपयार्डने बांधलेल्या अॅल्युमिनियमच्या बोटी, दोन अरुंद तळ जोडून केलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या. मोठ्या बोटीत शंभर माणसं मावतात. वेग आपल्या ट्रॉलरएवढाच. मामा सबंध वेळ मागे उभं राहून पाणी बघत होते. लाट म्हणावी अशी उठलीच नाही. किनाऱ्याला लागलेल्या होड्या जागच्या हलल्या नाहीत.

आपल्या पोराने मग स्वतःच गणित केलं. मांडवीत सूर्यास्त बघायला आलेल्या माणसाला २५ नॉटचा वेग नको असतो. त्याला बसायला सावली, स्वच्छ संडास आणि न हलणारी बोट पाहिजे. दोन अरुंद तळांची, छोट्या इंजिनाची, सहा-सात नॉटने जाणारी फायबरची बोट आपल्याकडे बांधून मिळेल का, याची चौकशी करतो असं तो मडगावला उतरताना म्हणाला.

सोसायटीने जामीन राहावं की नाही, हे इथे आम्ही ठरवत नाही. तो सभेचा अधिकार. पोरांनी समुद्र सोडून दुसऱ्याच्या हॉटेलात बशा उचलाव्यात, असं आपल्यातल्या कोणालाच वाटत नाही, आणि त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवणंही बरोबर नाही. पण होय म्हणायचं तर अर्जाबरोबर तीन आकडे आले पाहिजेत: तासाचं डिझेल, वर्षभर उभी राहायचा खर्च, आणि फेऱ्या बंद असतानाच्या महिन्यांचा हप्ता कुठून येणार ते.

तो कोचीचा कागद ऑफिसात ठेवलाय. ज्यांना हिशोब तपासायचा असेल त्यांनी सकाळच्या वेळेत यावं. चूक सापडली तर सभेआधी सांगा.

आपला,
सेक्रेटरी