दहा दिवसांची नोटीस, तीन दिवसांचा संप

अमेरिकेत रुग्णालय कर्मचाऱ्यांना अचानक काम थांबवता येत नाही. १९७४च्या कायदादुरुस्तीनुसार युनियनला दहा दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते. ‘कैसर पर्मनंटे’ या आरोग्यसेवा संस्थेतल्या कामगार संघटनांच्या आघाडीचा करार ३० सप्टेंबर २०२३ला संपला. अशी नोटीस देऊन ४ ऑक्टोबरपासून बहुतेक ठिकाणी तीन दिवस एक्स-रे तंत्रज्ञांपासून सफाई कामगारांपर्यंत ७५ हजारांहून अधिक कर्मचारी संपावर होते. वाद फक्त पगाराचा नव्हता. रिकाम्या जागा भरा, ही मागणीही तितकीच जोरात होती. (दोघांचं काम एकट्यानं ओढणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.) १३ ऑक्टोबरला तडजोड जाहीर झाली: चार वर्षांत २१ टक्के वाढ, कॅलिफोर्नियात तासाला किमान २५ डॉलर, इतरत्र २३. नोव्हेंबरमध्ये सभासदांनी मतदान करून करार मंजूर केला.