लांकडांतील ओलावा कसा मोजावा

नव्या दाराच्या फळ्यांत पहिल्याच उन्हाळ्यांत फटी पडतात, गाडीच्या चाकाची धांव सैल होते, आणि आपण सुतारास दोष देतों. पुष्कळदां दोष सुताराचा नसून ओल्या लांकडाचा असतो. वरून कोरडें दिसणारें लांकूड आंत ओलें असूं शकतें. म्हणून त्यांतील ओलावा मोजण्याची रीत येथें थोडक्यांत देतों.

लांकडांतील पाणी पेशींच्या पोकळींत व पेशींच्या भिंतींत असतें. आधीं पोकळींतलें पाणी जातें. त्यानें वजन घटतें, पण आकार बदलत नाहीं. ओलावा सुमारें ३० टक्क्यांखालीं उतरला म्हणजे भिंतींतलें पाणी जाऊं लागतें, आणि तेव्हांपासून लांकूड आकसतें.

खरी मोजणी वजनाची. टोंकें लौकर वाळतात, यास्तव फळीच्या टोंकापासून निदान दीड फूट आंत, गांठ टाळून, सबंध रुंदीचा इंचभर तुकडा कापावा व लागलीच तोलावा. मग प्रयोगशाळेंतील विजेच्या भट्टींत १०३ अंश सेल्सिअस उष्णतेवर, वजन घटेनासें होईपर्यंत तो वाळवितात. घटलेल्या वजनास कोरड्या वजनानें भागून शंभरानें गुणावें. १५० ग्रॅमचा तुकडा वाळून १२० ग्रॅम भरला, तर ३० भागिले १२०, म्हणजे ओलावा २५ टक्के. धान्याच्या व्यापारांत ओल्या वजनानें भागतात. त्या हिशेबानें हाच आंकडा २० येईल. ही गफलत होऊं देऊं नये.

विजेच्या मापकाच्या दोन सुया लांकडांत रोंवल्या कीं आंकडा तत्काळ दिसतो. कारण ओल्या लांकडांतून वीज सहज वाहते, कोरड्यांतून फार कष्टानें. परंतु ३० टक्क्यांवर त्याचा भरवसा धरूं नये. लांकडाच्या जातीप्रमाणें व उष्णतेप्रमाणें आंकड्यांत दुरुस्ती करावी लागते. तसेंच, नुकतीच फाडलेली ताजी बाजू तपासावी.

यांपैकीं कांहींच जवळ नसेल तर फळ्या सावलींत, मध्यें पट्ट्या घालून, वारा खेळेल अशा रचाव्या आणि त्यांतील एक फळी दर आठ दिवसांनीं तोलून वजन टिपून ठेवावें. तीन-चार वेळां वजन तेंच भरलें, म्हणजे फळी तेथील हवेशीं जुळली असें समजावें. मात्र पावसाळ्यांत जुळलेली फळी उन्हाळ्यांत पुन्हां आकसते. यास्तव ही परीक्षा कोरड्या ऋतूंत घ्यावी, आणि मगच सुतारास बोलवावें, अशी आमची सूचना आहे.