धुक्याच्या वरची द्राक्षं

ऑक्टोबरची सकाळ. कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यात धुकं इतकं दाट होतं की समोरची गाडी दिसेना. घाट चढताना एका वळणावर धुकं संपलं. खाली पांढरी गोधडी पसरलेली, वर लख्ख ऊन. हॉवेल माउंटन इथून सुरू होतो. 1983 साली या डोंगराला स्वतंत्र द्राक्षक्षेत्राची मान्यता मिळाली, तेव्हा त्याची सीमा 1,400 फुटांवर आखली, कारण धुकं साधारण तिथवरच चढतं. आकड्यात पाहिलं तर आमचं नाशिक याहून उंच आहे. इथला डोंगर फुटांवर नाही, धुक्यावर ठरतो. समुद्रावरून आलेली गार हवा रात्री खोऱ्यात साचते. खालच्या बागा रात्री गारठतात, दुपारी तापतात. वर मात्र रात्री उबदार, दुपारी सौम्य.

वाइनच्या कॅबर्ने सोव्हिन्यों वाणाची तोडणी चालू होती. पायाखाली लोहाची लाल माती, मध्येच ज्वालामुखीच्या राखेचा फिकट, ठिसूळ दगड. मुरमाड रानासारखाच निचरा. पाणी ठरत नाही, वेल तहानलेलाच राहतो. घड हातात घेतला. निफाडकडच्या बागेत वाढलेल्या माझ्या हाताला तो फार हलका वाटला. आमच्याकडे खायच्या द्राक्षांचे घड जिबरेलिक आम्लाच्या (जीए) द्रावणात बुडवतात, फुगवण व्हावी म्हणून वर्षभर जीव टाकतात. इथला मणी वाटाण्याहून जेमतेम मोठा, आणि तोच हवा असतो. चिमटीत दाबला, तर रस जवळजवळ बिनरंगी, बोटं मात्र जांभळी झाली. रंग सालीत, सुवासाचा मोठा वाटा सालीत, तुरटपणा सालीत आणि बियांत. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानाने साल जास्त. डोंगरी कॅबर्नेचा सगळा करारीपणा मला त्या एका मण्यात समजला.

मग बी चावली. तपकिरी, कुरकुरीत. कच्ची असती तर कडवट हिरवी लागली असती. या वाणात ढोबळी मिरचीचा वास मुळातच असतो. कॅबर्ने फ्राँक आणि सोव्हिन्यों ब्लाँक ही त्याची आईबापं. कॅरोल मेरेडिथ आणि जॉन बॉवर्स यांनी डीएनएवरून 1997 साली हे नातं सिद्ध केलं, आणि दोन्हीकडे तो हिरवा वास आहे. घडांना ऊन मिळालं की तो मावळतो.

तळघरात पिपातली दोन वर्षांची वाइन चाखली. आधी पिकलेलं जांभूळ, मग देवदाराचं लाकूड, नुकतं टोक काढलेली शिसपेन्सिल. आणि मग हिरड्यांवर तुरटपणा चढला, कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ जड होते तशी. खोऱ्यातली कॅबर्ने पहिल्याच घोटाला मऊ लागते. ही थांबायला लावते. मला हेच तिचं मोठेपण वाटतं. थांबण्याचं फळही मिळतं. कॅलिफोर्नियातल्याच सांताक्रूझ डोंगरातली रिज माँटे बेलो ही कॅबर्ने, 1971 सालची, 1976च्या पॅरिसमधल्या प्रसिद्ध वाइन-परीक्षेत पाचवी आली होती. तीस वर्षांनी, 2006 साली, त्याच वाइन पुन्हा चाखल्या गेल्या, तेव्हा ती पहिली आली.

निघताना बागवाल्यांनी याच उतारावरची वीस वर्षांची बाटली उघडली. पेल्याच्या कडेला रंग विटकरी झालेला. जांभूळ सुकून मनुक्याकडे झुकलेलं, मागे ओल्या मातीचा आणि तंबाखूच्या पानाचा वास. तुरटपणा शोधावा लागला. तो होता, विड्यातल्या काताएवढा.