घरच्या घरी नाताळचा तारा



आगमनकाळ जवळ आला की आपल्या मंडळ्यांतून एक विचारणा नेहमी येते, "ताई, वसतिगृहातल्या मुलांसाठी सजावटीचे काय पाठवू?" विचारणाऱ्यांचे प्रेम मला कळते. पण उत्तर देताना मला माझ्या कामाचे पहिले वर्ष आठवते आणि थोडी लाजही वाटते.

त्या वर्षी नंदुरबार जिल्ह्यात येताना मी शहरातून थर्माकोलचा तयार गोठा आणि प्लास्टिकचे सहा तारे एसटीच्या टपावर बांधून आणले होते. घाटात गोठ्याचे छप्पर मोडले. उरलेला गोठा मी वऱ्हांड्यात मांडला आणि मुलांना दटावले, "हात लावू नका, तुटेल." मुले हात मागे बांधून लांब उभी राहिली. शेजारच्या पाड्यावरचे एक बाबा तिथे आले होते. टोपल्या आणि कणग्या विणण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी थर्माकोल बोटाने दाबून पाहिला आणि विचारले, "हे कुठल्या झाडाचे?" मला हसू आले. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "गोठा मला येतो की. मला सांगायचे होते."

पुढच्या वर्षीपासून गोठा बाबांचा झाला आणि तारे मुलांचे. २०१८ मध्ये महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली तेव्हा आमच्याकडे टाकून द्यायला काही उरलेच नव्हते. या अंकात मी तुम्हाला आमच्या मुलांनी बाबांकडून शिकलेल्या आणि आम्ही वर्षानुवर्षे चुकत-माकत बसवलेल्या काही वस्तू सांगणार आहे. तुमच्या घरी, संडेस्कूलमध्ये, तरुण संघात त्या सहज करता येतील.

आधी तारा, कारण मुलांचा सगळा जीव त्यातच असतो. बांबूच्या दहा कामट्या घ्याव्यात, प्रत्येकी ६० सेंटिमीटर लांब आणि अर्धा सेंटिमीटर रुंद. कामट्या ओल्या असतील तर चार-पाच दिवस सावलीत वाळवाव्यात. ओली कामटी वाळताना आकसते आणि गाठी सैल पडतात. पहिल्या वर्षी आमचे निम्मे तारे असेच लुळे पडले होते. शहरात बुरुडांच्या दुकानात कामट्या तासून मिळतात. (आमच्याकडे तरी बांबू फुकट मिळतो, असे काहींना वाटते. तो २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपज म्हणून धरलेला आहे आणि ज्या गावाने तो राखला त्याचा त्यावर हक्क आहे. आम्ही बाबांना कामट्यांचे पैसे देतो. तुम्हीही बुरुडाशी घासाघीस करू नका.)

आता खरी गुरुकिल्ली. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून २३ सेंटिमीटरवर पेन्सिलीने खूण करावी. मध्ये १४ सेंटिमीटर उरतात. पाच कामट्या जमिनीवर अशा मांडाव्यात की पेन न उचलता काढलेली चांदणी तयार होईल. प्रत्येक कामटी दुसऱ्या दोन कामट्यांना बरोबर या खुणांवरच छेदली पाहिजे. एकीच्या वरून आणि दुसरीच्या खालून काढली की ती आपोआप धरून राहते. मग पाच टोके सुती दोऱ्याने घट्ट बांधावीत. खुणा न करता अंदाजाने बांधलेला तारा एका बाजूला कलतो आणि कागद चिकटवताना रडकुंडीला आणतो.

अशी दुसरी चांदणी करावी. दोन्ही एकमेकींवर ठेवून टोकाला टोक बांधावे. आता जिथे कामट्या छेदतात, त्या पाचही जागी दोन चांदण्यांच्या मध्ये १२ सेंटिमीटरची एकेक काडी उभी सारावी आणि दोऱ्याने अडकवावी. सपाट सांगाडा फुगून पोटाचा होतो. या क्षणी मुले हमखास ओरडतात. मीही ओरडते.

चिकटवायला विकतचा गोंद लागत नाही. एक वाटी मैदा एक वाटी थंड पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवावा, तीन वाट्या उकळत्या पाण्यात ओतून मंद आचेवर ढवळत राहावे. पांढरटपणा जाऊन चकाकी आली की खळ झाली. ती दोन दिवस टिकते. खळीला कीड लागू नये म्हणून जुने लोक मोरचूद घालतात, पण मोरचूद विषारी आहे आणि मुले बोटे चाटतात, म्हणून आपण तो घालायचा नाही. ताजी खळ करावी, एवढेच.

पतंगाचा कागद किंवा जिलेटीन घेऊन पुढच्या आणि मागच्या पाच-पाच टोकांसाठी त्रिकोण कापावेत. त्यांच्या दोन बाजू २३ सेंटिमीटर आणि पाया १४, शिवाय चहूबाजूंनी एक सेंटिमीटर दुमडायला जास्त. कडेच्या दहा निमुळत्या फटींसाठी कागद सांगाड्यावर ठेवूनच मापावा. पुढचा मधला पंचकोन झाकावा, मागचा उघडा ठेवावा. त्यातून दिवा आत जातो. दिवा लहान एलईडीच हवा आणि तो कागदाला टेकता कामा नये. मेणबत्ती तर ताऱ्यात कधीच नको. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्याच घरी एका नाताळात गव्हाणीभोवती कापसाचे बर्फ पसरून मी मेणबत्ती लावली आणि स्वयंपाकघरात गेले. पडदा, टेबलक्लॉथ आणि आईने विणलेला रुमाल असे तिन्ही गेले. आमच्या खानदेशात बर्फ कुठून आला असता, हा विचार मला नंतर सुचला.

या ताऱ्यामागे एक गोष्ट आहे, ती मी धर्मशिक्षणाच्या पदविकेच्या वर्षांत पहिल्यांदा ऐकली आणि तेव्हा वहीत लिहून विसरून गेले. जर्मनीच्या पूर्व भागात मोरेव्हियन मंडळीच्या वसतिशाळा होत्या. त्या मंडळीचे मिशनरी दूरदेशी जात आणि त्यांची मुले या शाळांत राहत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे भूमितीच्या अभ्यासातून कागदाचे अनेक टोकांचे तारे करण्याची प्रथा पडली. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी मुले ते करीत. आईबाप समुद्रापलीकडे, आणि मुले त्रिकोण कापत बसलेली. हेर्नहूटचा तारा म्हणून तो आज जगभर ओळखला जातो.

ती वहीतली नोंद मला पुन्हा आठवली ती आमच्या सहावीतल्या एका मुलीमुळे. आमच्या भागातली कितीतरी कुटुंबे दिवाळी झाली की गुजरातेत बारडोलीच्या बाजूला ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्यातच परततात. धाकटी लेकरे बरोबर जातात. शाळेतली मुले वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात. म्हणजे नाताळला आईबाप घरी नसतात. या मुलीने आपला तारा फार सुबक केला आणि मला विचारले, "ताई, हा आईच्या पेटीत मावेल का?" मावणार नव्हता. पत्र्याच्या पेटीत भांडी, गोधडी, पीठ, त्यात पोट फुगलेला तारा कुठे ठेवणार? तिने काही हट्ट केला नाही. तारा खिडकीत टांगला आणि गेली. मला मात्र रात्री झोप येईना.

घडी होणारा तारा असतो, आणि तो सगळ्यात सोपा असतो, हे मला त्यानंतर कळले. औषधाच्या दुकानात मिळतात तशा सात-आठ सारख्या कागदी पिशव्या घ्याव्यात. पहिली पिशवी आडवी ठेवून तिच्या बंद तळाशी आडवी आणि मधोमध उभी अशी खळीची रेघ ओढावी, म्हणजे उलट्या टीचा आकार होईल. त्यावर दुसरी पिशवी त्याच दिशेने बरोबर बसवावी, तिच्यावर पुन्हा तशीच रेघ, मग तिसरी. खळ अगदी पातळ लावावी, नाहीतर कागद फाटतो. गठ्ठा वजनाखाली रात्रभर वाळला की उघड्या तोंडाच्या बाजूने कात्रीने टोकदार कापावा आणि कडांना लहान नक्षी कापावी. आता पहिली आणि शेवटची पिशवी धरून पंख्यासारखी गोल ओढली की मोठे फूल उमलल्यासारखा तारा उघडतो. सातांनी वर्तुळ पुरे होत नसेल तर आणखी एक पिशवी जोडावी. शेवटची जोड चिकटवायची नाही, दोन ठिकाणी दोऱ्याने बांधायची. दोरा सोडला की तारा मिटून वहीएवढा सपाट होतो.

आता दिवाळीच्या सुट्टीआधीच आम्ही हे तारे करतो, म्हणजे मुले ते घरी नेतात आणि टोळी निघायच्या आत पेटीत जातात. आमच्या मुलांपैकी ख्रिस्ती घरांतली थोडी आहेत, पण तारा सगळीच करतात आणि आम्ही कोणाला विचारत नाही तो कशासाठी हवा. त्या मुलीची आई उन्हाळ्यात परत आली तेव्हा तारा बरोबर होता. चुलीच्या धुराने पिवळा पडलेला, एका टोकाला उसाचा चिकटा. कोपीवर रोज उघडत होती का, असे मी विचारले. "रोज नाही," ती म्हणाली, "वारा नसेल तेव्हा."

लहान मुलांसाठी मक्याच्या कणसाच्या सालींचे देवदूत करावेत. सातपुड्यात मका घरोघरी, आणि साली गुरांपुढे जातात, त्यातल्या मूठभर आपण मागून घ्यायच्या. दहा मिनिटे पाण्यात भिजवल्या की त्या कापडासारख्या वळतात. पाच-सहा साली एकत्र धरून निमुळत्या टोकाला बांधाव्यात, मध्ये कापसाची लहान गोळी ठेवून साली उलट्या दुमडाव्यात आणि गोळीखाली दोरा आवळावा. झाले डोके. एक साल गुंडाळून हातांसाठी आडवी सारावी, तिच्याखाली कंबर बांधावी, मागे दोन साली पंख म्हणून. खालची कड कात्रीने सारखी करून उभा ठेवून वाळू द्यावा. डोळे-नाक काढू नयेत असे माझे मत आहे. काढले की सगळे देवदूत भांडल्यासारखे दिसतात.

तोरणासाठी सागाची फुगीर फळे गोळा करून चुन्यात बुडवावीत आणि वाळल्यावर ओवावीत. लाल-काळ्या गुंजा मात्र कितीही सुंदर दिसल्या तरी घेऊ नका. गुंजेचे बी विषारी असते आणि मुले ते तोंडात घालतात.

गव्हाणीविषयी थोडे. संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी पहिली प्रसिद्ध गव्हाणी मांडली तेव्हा खरे गवत आणि खरा बैल व गाढव उभे केले होते. लूकच्या शुभवर्तमानात गव्हाणी आहे, पण बैल आणि गाढव नाहीत. ते यशयाच्या पहिल्या अध्यायातून परंपरेने आले. मागी तीनच होते असेही मत्तय सांगत नाही, तो फक्त तीन भेटी सांगतो. म्हणून मुलांनी चार मागी केले तर दुरुस्त करू नका. आमच्या एका गोठ्यात पाच होते आणि बाबांनी एक शेळीही बांधली होती, कारण गोठा म्हटल्यावर शेळी पाहिजेच. मूर्तींसाठी नुसती काळी माती वाळताना तडकते. तिच्यात चाळलेली राख आणि भिजवून कुटलेल्या कागदाचा लगदा मिसळावा, सावलीत वाळवावे आणि गेरू, हळद, कोळसा यांनी रंगवावे. हिरवळीसाठी १५ डिसेंबरच्या सुमारास पसरट ताटलीत माती घालून रात्रभर भिजवलेले गहू किंवा नाचणी पेरावी. गहू नाताळपर्यंत चार-पाच बोटे वर येतो.

तर काय पाठवायचे, या प्रश्नाचे उत्तर. तयार तारे नकोत. सुती दोऱ्याची रिळे, पतंगाचा रंगीत कागद, बोथट टोकाच्या कात्र्या, एलईडी दिवे आणि कागदी पिशव्या पाठवा. पिशव्या सर्व सारख्या मापाच्या असाव्यात, आणि जमल्यास दसऱ्याच्या आत मिळाव्यात, कारण दिवाळीनंतर पेट्या बांधून झालेल्या असतात.