जालन्याची मोसंबी आणि इंधनाचा जमाखर्च

जालन्याची मोसंबी घेतली, ट्रकचा लांबचा प्रवास वाचला, म्हणजे खनिज इंधनाच्या जमाखर्चातील मोठी रक्कम शिल्लक पडली, अशी जी समजूत सुशिक्षित ग्राहकांत रूढ झाली आहे, तिचा हेतू स्तुत्य असला तरी हिशेब कच्चा आहे. पूअर आणि नेमेचेक या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या जागतिक पाहणीच्या आधारे पाहता, अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सुमारे ६ टक्केच भरतो. रस्त्यापेक्षा शिवारात काय घडते, तेच निर्णायक.

शिवारात पडणाऱ्या युरियाकडे आपण निव्वळ खत म्हणून पाहतो. वस्तुतः तो नैसर्गिक वायूचाच अवतार होय, कारण हवेतील नत्राचा अमोनिया करण्यास लागणारा हायड्रोजन आपल्या कारखान्यांत बहुतांशी त्या वायूतूनच काढला जातो, आणि देशाच्या गरजेपैकी जवळपास निम्मा वायू परदेशातून येतो. उलट तूर आपल्या मुळांवरील गाठींतल्या जिवाणूंकरवी हवेतील नत्र स्वतःच मिळवते. आणि ‘बीडीएन ७११’ हे तिचे प्रसिद्ध वाण ज्या संशोधन केंद्राने दिले, ते बदनापूरचे, म्हणजे जालना जिल्ह्यातलेच. असे असता जिल्ह्याच्या गौरवात तुरीचे नाव मोसंबीनंतर, तेही कोणास आठवलेच तर, यावे, हा मला अन्याय वाटतो.

सौरपंप बसला की शेती इंधनाच्या पाशातून सुटली, हा दुसरा समज. २०१९ च्या ‘कुसुम’ योजनेमुळे शेतकऱ्याला किमतीच्या अल्प हिश्श्यात पंप मिळू लागला, हे खरे. परंतु सूर्य वीज देतो, पाणी देत नाही, आणि इथल्या बेसाल्टच्या कठीण खडकात मुळात साठाच थोडा असल्यामुळे, उपसा फुकट झाला की विहीर लवकर तळ गाठण्याचा संभव असतो. २०१२-१३ च्या अवर्षणात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या, आणि ज्या वाचल्या त्यांतील कित्येक विकतच्या टँकरवर, म्हणजे पर्यायाने डिझेलवरच, तगल्या. त्याच काळात जालना तालुक्यातील कडवंचीने, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साहाय्याने पूर्वीच केलेल्या पाणलोटाच्या कामांच्या व शेततळ्यांच्या बळावर, आपल्या द्राक्षबागा राखल्या.

राहता राहिला भौगोलिक मानांकनाचा प्रश्न. जालन्याच्या मोसंबीला ते मिळालेले आहे. मात्र त्याने नावाला संरक्षण मिळते, भावाची हमी मिळत नाही. तेव्हा हंगामात पाच-सहा घरांनी मिळून थेट बागेतूनच माल उचलावा, आणि वर्षाची तूरही त्याच शिवारातून भरावी.